रोबो सांभाळून घेत नाही

भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे ऑटोमेशनचे निर्णय भोसरीत होत नाहीत. ते बेंगळुरूला होतात, जानेवारीत, इम्टेक्स प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, जेवणानंतरच्या सुमारास. तुमकूर रोडवरच्या त्या अवाढव्य मांडवात सकाळपासून चालून मालकांच्या पायांचे तुकडे पडलेले असतात. हातात माहितीपत्रकांच्या पिशव्या, खिशात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. अशा वेळी एका स्टॉलवर बसायला खुर्ची मिळते, बरी कॉफी मिळते आणि समोर काचेच्या आत एक पिवळा रोबो लोखंडाचा तुकडा उचलून मशीनमध्ये ठेवताना दिसतो. ठेवतो, मागे सरतो, थांबतो, तयार जॉब काढतो, पुन्हा नवा उचलतो. घाम नाही, चहा नाही, मोबाइल नाही. मालक बराच वेळ एकटक बघतात आणि मग विचारतात, "हा गणपतीत गावाला जात नाही ना?"

स्टॉलवरचा मुलगा हसतो. सकाळपासून हा प्रश्न त्याने ऐकलेलाच असतो, फक्त कोणाच्या गणपतीच्या जागी पोंगल असतो, कोणाच्या जागी छठपूजा.

अशा कारखान्यांचे कॉस्टिंगचे कागद तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे भोसरीपासून चाकणपर्यंत अशा खरेद्या आधी कागदावर आणि मग शॉपवर पाहायला मिळतात. पुढे जो कारखाना येईल तो कोणा एकाचा नाही, चार-पाच ठिकाणचे सुटे भाग जोडून केलेली असेंब्ली आहे. कोणाला आपली ओळख पटलीच तर त्यांनी मनातल्या मनात हसावं.

हिशेब परतीच्या विमानातच मांडला जातो. दोन सीएनसी मशीन, दोन ऑपरेटर, तीन शिफ्ट, म्हणजे 6 माणसं. प्रत्येकी 20,000 रुपये धरले तर महिन्याला 1 लाख 20 हजार. रोबो, ग्रिपर, जाळी, ट्रे, प्रोग्रॅमिंग असं सगळं मिळून कोटेशन 25 लाखांचं. भागाकार केला की उत्तर येतं 21 महिने. हे उत्तर इतकं गोड असतं की ते पुन्हा कोणी तपासत नाही. बँकेलाही ते आवडतं, कारण बँकेतल्या साहेबांनी आयुष्यात कधी चकमध्ये जॉब पकडलेला नसतो.

मग योजनेला सुरुवात होते, म्हणजे व्हॉट्सॲपवर 'ऑटोमेशन टीम' नावाचा ग्रुप निघतो. त्यात मालक असतात, मालकांचे चिरंजीव असतात ज्यांना शॉपवर सगळे दादा म्हणतात, क्वालिटीवाले, परचेसवाले, स्टोअरवाले, मेंटेनन्सवाले असे सगळे असतात. पहिल्या दिवशी ग्रुपवर अभिनंदनाचे 14 अंगठे पडतात. ज्या दोन मशीनवर रोबो बसणार आहे त्या मशीनवर 22 वर्षं उभे असलेले आप्पा मात्र ग्रुपमध्ये नसतात. त्यांचा फोन बटनांचा आहे.

यानंतर बाणेरहून सल्लागार येतात. त्यांच्या पहिल्या स्लाइडवर एक पिरॅमिड असतो, तळाला सेन्सर आणि टोकाला 'निर्णय'. दुसऱ्या स्लाइडवर 'इंडस्ट्री 4.0' हे शब्द असतात, जे 2011 साली जर्मनीत हॅनोव्हरच्या जत्रेत जन्मले आणि तिथून निघून आमच्या टेल्को रोडपर्यंत पोहोचले. आमच्या बऱ्याच शेडमध्ये अजून इंडस्ट्री 2.0चा पट्टा फिरतो आणि 3.0चा संगणक टॅलीपुरता चालू असतो, हे सल्लागारांना दिसतं, पण ते सभ्य गृहस्थ असल्याने बोलत नाहीत. ते विचारतात, "सध्याची प्रोसेस काय आहे?" सुपरवायझर उभा राहून सांगतो: लोड, क्लॅम्प, सायकल स्टार्ट, अनलोड, गेज, ट्रे. सल्लागार सहा चौकोन काढतात आणि त्यांना बाणांनी जोडतात.

"याशिवाय ऑपरेटर काय करतो?"

"काही नाही सर. बटन दाबतो."

या एका वाक्यावर 25 लाखांची ऑर्डर जाते.

रोबो बसवून देणाऱ्या कंपनीने नमुन्यादाखल 50 ब्लँक मागवले. ब्लँक म्हणजे फोर्जिंगवाल्याकडून येणारा गिअरचा कच्चा गोळा, दोनेक किलोचा. आता नमुने बाहेर पाठवायचे म्हणजे इज्जतीचा प्रश्न. क्वालिटीच्या साहेबांनी स्वतः गोदामात उभं राहून हजार-दीड हजार ब्लँकमधून 50 निवडले. गोल, गुळगुळीत, एका तोंडाचे. स्टोअरवाल्याने ते पुसले, वर तेलाचा हात फिरवला आणि कागदात गुंडाळून दिले. त्या 50 ब्लँकवर ग्रिपरचं डिझाइन झालं, त्यांच्यावरच प्रोग्रॅम लिहिला गेला आणि त्यांच्यावरच चाकणच्या शेडमध्ये चाचणी झाली. रोबो दोन तास एकदाही थांबला नाही. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, पेढे वाटले, दादांनी तो व्हिडिओ लिंक्डइनवर टाकला. वधूपक्षाने पसंत केलेली ती 50 स्थळं आजही त्या कंपनीच्या कपाटात जपून ठेवलेली आहेत. तसे ब्लँक पुन्हा कधी आले नाहीत.

रोबो बुधवारी रात्री कारखान्यात आला, कारण गुरुवारी इकडे साप्ताहिक सुट्टी असते आणि क्रेनला जागा मिळते. शुक्रवारी पूजा. रोबोच्या खांद्यावर हळदीकुंकू, मनगटावर झेंडूची माळ, समोर नारळ. गुरुजींनी विचारलं, "यजमान कोण बसणार?" मालक बसले. आरती झाल्यावर हिरवं बटन दाबलं, रोबोने हात उचलला, माळेचं एक फूल लोंबकळत लाइट कर्टनच्या किरणांत आलं आणि रोबो जागच्या जागी थांबला. लाल दिवा, हूटर. लाइट कर्टनचं कामच ते आहे, आडवं काही आलं की थांबवायचं. पण मंडळींनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. स्टोअरवाले म्हणाले, "मुहूर्त पंधरा मिनिटं पुढचा होता."

माळ काढली आणि उत्पादन सुरू झालं. तिसऱ्या जॉबला रोबो थांबला. ग्रिपरच्या बोटांत ब्लँक नीट बसला नव्हता, कारण फोर्जिंगच्या जोडावर एका बाजूला फ्लॅशची कोर राहिली होती. तो बाजूला केला. सातव्याला चकच्या जॉवर चिप अडकलेली होती, त्यावर जॉब बसला, तोंड तिरकं कापलं गेलं. अकरावा ब्लँक ट्रेमध्ये उलटा ठेवलेला होता, रोबोने तो भक्तिभावाने उलटाच चढवला. मग हवेच्या लाइनमधून पाणी आलं आणि ग्रिपर उघडेना. मग कुठलाच दोष नसताना रोबो थांबला आणि पडद्यावर जे इंग्रजी वाक्य आलं त्याचा अर्थ दादांनाही लागला नाही. दुपारपर्यंत 40 जॉब झाले. एरवी दोन मशीन मिळून एका शिफ्टला अडीचशेच्या पुढे जातात.

संध्याकाळी कोणीतरी म्हणालं, आप्पांना बोलवा.

आप्पा आले, जाळीबाहेर हात मागे बांधून उभे राहिले आणि अर्धा तास नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, ह्याला कानस कुठून धरायची?"

त्या प्रश्नाने सगळा उलगडा झाला. गेली 22 वर्षं आप्पा बटन दाबत होते हे खरं, पण बटन दाबायच्या आधी ते ब्लँक हातात घेऊन अंगठा फिरवायचे, कोर लागली तर खिशातल्या कानशीचे दोन फटके मारायचे. चकच्या जॉवर हवेचा फवारा मारायचे, तरी चिप चिकटलेली असली तर पितळी हातोडीच्या दांड्याने काढायचे. ब्लँक जॉमध्ये बसवून टिचकीएवढा ठोका द्यायचे आणि आवाजावरून ओळखायचे की टेकला की नाही. टूलचा सूर बदलला की इन्सर्टची धार गेली हे त्यांना गेज लावायच्या आधी कळायचं. दुपारी पत्रा तापला की मशीन मायक्रॉनमध्ये सरकते, म्हणून अडीच वाजता ते न विचारता दहाचा ऑफसेट मारायचे आणि रात्रपाळीवाल्याला चहा पिताना सांगून जायचे. फारच वेडावाकडा ब्लँक आला तर तो बाजूच्या खोक्यात टाकायचे. ते खोकं भरलं की फोर्जिंगवाल्याचा टेम्पो आल्यावर ड्रायव्हरच्या हातात द्यायचे आणि तो गुपचूप बदलून आणायचा. याचं ना चलन, ना नोंद. यातलं एकही काम त्या सहा चौकोनांत नव्हतं, कारण ती कामं आप्पा करतात हे सुपरवायझरला ठाऊक नव्हतं आणि आप्पांच्या लेखी ती कामं नव्हतीच.

आपल्याकडचं उत्पादन सांभाळून घेण्यावर चालतं. फोर्जिंगवाल्याची डाय घासली आहे हे त्याला माहीत असतं, पण अजून एक लॉट निघेल म्हणून तो चालवतो, मशीनवाला सांभाळून घेईल. परचेस त्याला बदलत नाही, कारण त्याचा रेट किलोमागे थोडा कमी आहे. स्टोअर दोन लॉट एका बिनमध्ये टाकतं, कारण बिन कमी आहेत. कॉम्प्रेसरचं पाणी रोज काढायचं असतं, ते ज्याने काढायचं तो पावसाळ्यात म्हणतो, एवढं काय. प्रत्येकाला खात्री असते की पुढचा माणूस सांभाळून घेईल. साखळीच्या शेवटी आप्पा कानस घेऊन उभे असतात आणि ग्राहकाकडे जाणारा जॉब दुरुस्त होऊन जातो. या साखळीतून आप्पांना उचलून तिथे रोबो ठेवला की इतक्या वर्षांची सगळी उधारी एका दुपारी अंगावर येते. रोबोला राग नसतो, आकस नसतो. त्याला फक्त ड्रॉइंग माहीत असतं. ड्रॉइंगप्रमाणे वागणारा तो त्या कारखान्यातला पहिला कर्मचारी असतो, आणि म्हणूनच सगळ्यांना अडचणीचा वाटतो.

यात आपणच मागे आहोत असं समजून खांदे पाडायचं कारण नाही. जगातला पहिला कारखानी रोबो, युनिमेट, 1961 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. त्याला काम दिलं होतं डायकास्टिंगचे तापलेले तुकडे काढण्याचं, जे माणसाने करूच नये असं होतं. निवड शहाणपणाची होती. त्याच कंपनीने 1980 च्या दशकात चेअरमन रॉजर स्मिथ यांच्या काळात ऑटोमेशनवर अब्जावधी डॉलर ओतले आणि डेट्रॉइटच्या हॅमट्रॅमक कारखान्यातले रोबो गाड्या सोडून एकमेकांनाच रंगवत होते अशी वर्णनं छापून आली. म्हणजे शिमगा तिकडेही झाला.

त्याहून मजेची गोष्ट टेस्लाची. मॉडेल 3 गाडीच्या बॅटरीवर काचतंतूंची एक चटई अंथरायची होती. ती लिबलिबीत चटई उचलायला खास रोबो बसवला. रोबोंना कडक वस्तू कळते, मऊ वस्तू कळत नाही. तो ती उचलेना, उचलली तर जागेवर ठेवेना, सगळी लाइन अडकली. शेवटी एलॉन मस्क यांनी विचारलं, ही चटई आहे कशाला? बॅटरीवाले म्हणाले, आवाज कमी व्हावा म्हणून. आवाजवाले म्हणाले, आग लागू नये म्हणून. मग एक गाडी चटई घालून आणि एक चटईविना चालवून पाहिली, तर फरक कळेना. चटई काढून टाकली, रोबोही गेला. 2018 च्या एप्रिलमध्ये मस्क यांनी अति ऑटोमेशन ही आपलीच चूक होती आणि आपण माणसाला कमी लेखलं, असं जाहीरपणे मान्य केलं. भोसरीत इतकं मोठं मन दाखवायला मालकाला निदान तिसरी पिढी लागते.

इकडे आप्पांनी दुसऱ्या दिवशी भंगारातून एक जाड पट्टी शोधली, वेल्डरकडून तिला कमान करून घेतली आणि ट्रे भरायच्या घसरगुंडीच्या तोंडाशी ती टॅक मारून बसवली. फ्लॅशची कोर राहिलेला ब्लँक त्या कमानीखालून जाईना. जो जात नाही तो बाजूला ठेवायचा, इतकंच. त्या पट्टीचा खर्च चहाच्या बिलापेक्षा कमी. त्यानंतर रोबोचं थांबणं निम्म्याहून कमी झालं. 1961 साली, म्हणजे युनिमेट कामाला लागला त्याच वर्षी, जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी एका विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात असंच काहीसं केलं होतं. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या होत्या आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. शिंगो यांनी सांगितलं, आधी दोन स्प्रिंग एका बशीत काढून ठेवा. काम झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर विसरलात. जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ती बशी गाजली. आप्पांची कमान कुठल्या पुस्तकात नाही. ती ग्राहकाच्या ऑडिटमध्ये मात्र आली. ऑडिटरने विचारलं, "या पट्टीला कॅलिब्रेशन स्टिकर का नाही?"

रोबोबरोबर डॅशबोर्डही येतो. रिसेप्शनमध्ये 55 इंची टीव्ही लागतो आणि त्यावर ओईई नावाचा आकडा हिरव्या-लाल रंगात फिरतो. मशीन किती वेळ चालली, किती वेगाने चालली आणि चांगला माल किती निघाला, या तीन अपूर्णांकांचा तो गुणाकार. जपानच्या सेइइची नाकाजिमा यांनी 85 टक्के म्हणजे जागतिक दर्जा, असा दंडक घालून दिला. पहिल्या सोमवारी आमच्या टीव्हीवर 38 आला. पाहुणे यायच्या आधी टीव्ही बंद करण्यात आला. मग बैठक झाली आणि असं ठरलं की जेवणाची सुट्टी धरायला नको, बरोबर आहे. सेटिंगचा वेळही धरायला नको, तो तर लागणारच. माल नव्हता तो वेळ आपला दोष नाही. लाइट गेली तो महावितरणचा. ट्रायल, मेंटेनन्स, मीटिंग वजा. महिनाअखेर आकडा 86 झाला. उत्पादन होतं तिथेच होतं.

मोबाइलवरच्या सूचनांचंही असंच. पहिल्या आठवड्यात मालकांना रात्री अडीच वाजता 'स्पिंडल लोड वाढला आहे' असा मेसेज यायचा आणि ते उठून बसायचे. वहिनींनी चौथ्या रात्री विचारलं, "इतक्या रात्री कोण लोड देतंय?" आता त्या सूचना म्यूट आहेत. कारखान्यातली प्रत्येक हालचाल टिपली जाते, साठवली जाते, आणि ती कोणी पाहत नाही.

हूटरची कथा जरा वेगळी आहे आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्याचं मोठेपण वेगात होतंच, पण खरं मोठेपण थांबण्यात होतं. ताण्याचा धागा तुटला की माग आपण होऊन थांबायचा. त्यामुळे एक माणूस कितीतरी मागांवर लक्ष ठेवू शकायचा, कारण लक्ष ठेवायचं काम मागच करत होता. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी 1929 मध्ये त्याचे हक्क विकत घेतले, म्हणजे ज्यांनी जगाला माग शिकवले त्यांनी. पुढे टोयोटा मोटारीच्या कारखान्यात हाच विचार गेला: दोष दिसला की थांबा, दिवा लावा, माणसं बोलवा. आपण यातला दिवा घेतला. हूटरही घेतला. पण हूटर साहेबांच्या केबिनमध्ये ऐकू जातो आणि साहेब खाली येऊन "का थांबलं?" असं विचारण्याऐवजी "कोणी थांबवलं?" असं विचारतात. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात हूटरच्या तोंडात कापसाचा बोळा जातो.

तिथून पुढे सेन्सरला फसवण्याची कला बहरते. प्रॉक्सी म्हणजे लोखंड ओळखणारा सेन्सर. तिच्यासमोर जॉब आला की ती हो म्हणते. तिला लोखंड हवं, जॉबच हवा असं नाही. मग तिच्यासमोर वॉशर चिकटपट्टीने लावून टाकला की ती दिवसरात्र हो म्हणत राहते. टार्गेट पूर्ण होतं आणि ट्रे रिकामा असतानाही रोबो अत्यंत तन्मयतेने हवा उचलून चकमध्ये ठेवतो. यावर हसायला हरकत नाही. मात्र जाळीच्या दाराचं स्विच किंवा प्रेसचा लाइट कर्टन बायपास केलेला दिसला की हसू नये. प्रेसवर बोटं गेलेली माणसं या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत, बसस्टॉपवर भेटतात.

पुढचं संकट पासवर्डचं. पीएलसी म्हणजे मशीनला हुकूम देणारा छोटा संगणक, रिलेच्या जंजाळातून सुटका व्हावी म्हणून निघालेला. 1968 मध्ये जनरल मोटर्सने अशी काहीतरी सोय करा म्हणून मागणी केली आणि पुढच्या वर्षी मॉडिकॉन 084 तयार झाला. हेतू हा की कारखान्यातल्याच इलेक्ट्रिशियनला प्रोग्रॅम बदलता यावा. आमच्याकडे प्रोग्रॅमला पासवर्ड आहे, पासवर्ड ज्या मुलाने टाकला तो कॅनडात आहे आणि त्याचा लॅपटॉप त्याने ओएलएक्सवर विकला. त्यामुळे जॉबची लांबी दोन मिलिमीटरने बदलली तर सगळी सेटिंग सोडून जॉबच्या खाली दोन मिलिमीटरचा तुकडा ठेवतात. पॅनलच्या दारावर ऑपरेटरने मार्करने लिहिलेलं आहे: 'हा एरर आला तर मागचा स्विच बंद करून 10 मोजा.' शेजारी लॅमिनेट केलेलं इंग्रजी एसओपी आहे. ते इतकं स्वच्छ आहे की त्यावर कोणाचं बोट कधी लागलं नसावं.

आता पुन्हा हिशेब. माझ्यापुढे वर्षभराने तीच फाइल आली. 6 ऑपरेटर कमी झाले खरे, पण रोबोला गुरुजींसारखं सगळं साहित्य ताटात, ठरल्या जागी, ठरल्या तोंडाने मांडून लागतं, तो स्वतः उठून काही घेत नाही. म्हणून दर शिफ्टला एक माणूस ट्रे भरायला लागला. 3 माणसांचे 60,000 तिथे गेले. रोबोची भाषा कळणारा एक मुलगा ठेवावा लागला, त्याचे 35,000. उरले महिन्याला 25,000. 25 लाखांना 25 हजारांनी भागलं तर 100 महिने, म्हणजे आठ वर्षं चार महिने. दादांना हे दाखवलं तर म्हणाले, "काका, हे मालकांना दाखवू नका. ते परत बेंगळुरूला निघालेत."

ट्रे भरणाऱ्या तिघांतला एक जण हा आधी त्याच मशीनवरचा कॉन्ट्रॅक्टचा ऑपरेटर होता. रोबो आला त्या महिन्यात त्याला 'उद्यापासून येऊ नको' सांगितलं, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. पगार तोच. गळ्यातल्या कार्डावर आता 'रोबो सेल असोसिएट' लिहिलेलं आहे. त्याच्याबरोबर काढलेले बाकीचे परत आले नाहीत, आणि ते कुठे गेले हे कोणाच्या डॅशबोर्डवर दिसत नाही. ऑटोमेशनवरच्या बैठकांना मी बसतो, तिथे माणसांची संख्या कायम बचतीच्या रकान्यात असते, हे मला अजून पचलेलं नाही.

तरीही रोबो फुकट गेला असं म्हणणं खोटं ठरेल. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाचे डोळे मिटतात, त्या वेळचा माल आता दुपारच्या मालासारखा निघतो. ग्राहकाकडून येणाऱ्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. परचेसने कधी नव्हे ते फोर्जिंगवाल्याला डाय बदलायला लावली, कारण आता वेडावाकडा ब्लँक लपवायला कोणी नाही, तो सरळ लाल दिव्यात दिसतो. कॉम्प्रेसरला ड्रायर बसला. स्टोअरमध्ये बिन आल्या, त्यांना रंग आले. हे सगळं 20 वर्षांपूर्वी रोबोशिवायही करता आलं असतं, पण तेव्हा आप्पा होते ना. एवढ्यात ग्राहकाचं पत्रही आलं: आपण ऑटोमेशन केल्याचं पाहून आनंद झाला, तरी पुढील वर्षासाठी दर कमी करून कळवावेत.

आप्पा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. दादांनी त्यांना विचारलं, तुम्ही काय काय करता ते लिहून द्याल का? आप्पा म्हणाले, "लिहायला काय, बटन दाबतो." मग रोबोची भाषा कळणाऱ्या त्या मुलाने आपला मोबाइल लावून तीन दिवस त्यांचे हात चित्रित केले. त्यातून 31 बारीकसारीक कामं निघाली. 25 लाखांच्या कोटेशनच्या आधी ही यादी हवी होती, एवढंच माझं म्हणणं, आणि ती काढायला मोबाइल आणि थोडा वेळ याखेरीज काही लागत नाही.

तेव्हा मालक मंडळींना विनंती. रोबो घ्या, जरूर घ्या. नमुने पाठवताना मात्र क्वालिटीच्या साहेबांना त्या दिवशी रजा द्या आणि आप्पांच्या खोक्यातले 50 ब्लँक पाठवा. आणि कोटेशनचं शेवटचं पान वाचा. तिथे बारीक अक्षरांत, करांच्या आणि वाहतुकीच्या अटींच्या मधोमध, एक ओळ असते: ब्लँक ड्रॉइंगप्रमाणे मिळतील ही जबाबदारी ग्राहकाची राहील. सहीच्या आधी ती परचेसवाल्यांना मोठ्याने वाचायला लावा.